त्र्याऐंशी अर्ज्या, एकच हात

दवंडी पिटणाऱ्याचा आवाज मुळातच घोगरा, त्यात त्या दिवशी त्याला जे ओरडायचं होतं ते त्याचं त्यालाच खरं वाटत नव्हतं.

"ऐका हो ऐका! कल्याणचा बाजार आहे तिथेच, बंदरावर, ठेवावा की टेशनासमोरच्या माळावर न्यावा, याबद्दल समस्त लोकांनी आपापलं म्हणणं पंधरा दिवसांच्या आत कमिटीच्या कचेरीत लेखी द्यावं होऽ!"

एवढं बोलून त्याने ढोलकं काखेला मारलं आणि सरकारी आवाज टाकून आपल्या घरच्या आवाजात म्हणाला, "म्हणजे तुम्हांला विचारतायत. खरंच विचारतायत."

साल १८८६, महिना पौष. कल्याण गावाकडून तोवर पुष्कळांनी पुष्कळ काही घेतलं होतं. जकात घेतली, वेठ घेतली, आगगाडी आली तेव्हा शेतं घेतली. मत मात्र कुणी मागितलं नव्हतं, त्यामुळे ते आपल्याजवळ आहे की नाही हेही लोकांना धड ठाऊक नव्हतं. संध्याकाळपर्यंत प्रत्येकाला आपलं सापडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तर एकेकाकडे दोन-दोन निघाली. न्हाव्याच्या पुढ्यात अर्धी हजामत झालेला माणूस उठून वाद घालायला लागला, पाणवठ्यावर घागरी भरून वाहू लागल्या तरी बायकांचं बोलणं संपेना. सगळं गाव लग्नघरासारखं झालं, फक्त नवरा कोण आणि नवरी कोण ते ठरायचं होतं.

आणि मत सापडल्यावर ते घेऊन जायचं कुठे, तर गोपीनाथपंतांकडे.

पंत गावातले एकुलते एक अर्जनवीस, म्हणजे दुसऱ्यांच्या अर्ज्या लिहून देणारे. बंदराकडून येणारी वाट आणि तळ्याकडून येणारी वाट जिथे मिळते तिथे अण्णा आडत्यांचं भाताचं दुकान होतं. त्या दुकानाच्या ओट्याच्या उजव्या टोकाला सव्वीस वर्षं पंतांची बैठक होती. चटई, उतरत्या झाकणाची पेटी, दौत, बोरू आणि ओली शाई टिपायला वाळूची डबी. सगळा बाजार त्या ओट्यावरून जायचा, आणि पंतांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती, की केवळ अर्जी लिहून घ्यायची म्हणून घरातून कुणी निघत नाही. माणूस तांदूळ विकायला येतो, मीठ घ्यायला येतो, आणि आलोच आहोत तर म्हणून सख्ख्या भावाविरुद्ध एक अर्जी देऊन जातो. बाजार माळावर गेला, की ओट्यावर उरणार पंत आणि अण्णांचं मांजर. पंत चौपन्न वर्षांचे होते. या वयात माणसाला नवी बायको मिळते, पण नवा ओटा मिळत नाही, असं ते स्वतःच म्हणायचे.

तेव्हा बाजार कुठे असावा याबद्दल पंतांचं मत काय होतं, ते सांगायला नको. पण पंतांनी स्वतःची अर्जी लिहिली नाही. अर्जनवीसाने स्वतःची अर्जी लिहायची म्हणजे न्हाव्याने स्वतःची शेंडी कापण्यासारखं. त्यांनी लोकांच्या लिहिल्या. त्या पंधरा दिवसांत इतक्या लिहिल्या, की बोरू चार झिजले.

पहिली आली सखुबाई चुरमुरेवाली. बाई विधवा, आवाज खणखणीत, आणि भट्टीसमोर वीस वर्षं बसून चेहरा तांब्याच्या हंड्यासारखा झालेला.

"लिहा पंत. बंदरावर उतरतो तो माणूस घरून भाकर बांधून आलेला असतो. आगगाडीतून उतरतो तो भुकेला. मला तर माळच बरा. फक्त भट्टी हलवायची म्हणजे चार दिवस धंदा बुडेल, तेवढं सरकारच्या कानावर घाला."

पंतांनी मान डोलावली आणि लिहिलं: 'आम्ही गरीब रयत हुजूरच्या पायांशी लोटांगण घालून अर्ज करतो ऐसा जे, अर्जदार निराधार विधवा असून भट्टी हलविल्यास धंदा बुडेल, सबब बाजार हलवू नये.' मग ते भराभर, कीर्तनकार आर्या म्हणतो तशा चालीवर वाचूनही दाखवलं. निराधार विधवा ऐकून सखुबाईचे डोळे भरून आले. पुढचं तिला ऐकू आलं नाही.

"काय सुरेख लिहिता हो!" ती म्हणाली. तिने बोरूच्या शेंड्याला बोट लावलं, आणि पंतांनी खाली तिच्या नावाची बांगडी काढली.

हा रिवाज जुना होता. ज्याला सही येत नाही त्याने आपली निशाणी करायची. कुणब्याचा नांगर, वाण्याचा तराजू, बाईमाणसाची बांगडी. आणि निशाणी तरी ज्याची त्याने कशाला काढायची? त्याने बोरूला नुसता हात लावायचा, चित्र लिहिणाऱ्याने काढायचं. पंतांचा नांगर सव्वीस वर्षांत इतका घटवलेला होता, की डोळे मिटून काढला तरी फाळ नेमका डावीकडे वळायचा.

मुरबाडच्या रस्त्यावरून भाताच्या गाड्या आणणाऱ्या गाडीवानांचा म्होरक्या दौलत. तो आला तो ओट्यावर हात आपटतच. "पंत, बाजार माळावर न्या म्हणावं एकदाचा! या बोळांत गाडी घातली की पुढचा बैल चौकात आणि मागलं चाक कुणाच्या तरी तुळशीवृंदावनात. फक्त माळावर बैलांना पाणी नाही, त्याची सोय करा, असं लिहा."

पंतांनी लिहिलं, 'माळावर पाणी नसल्याने मुक्या जनावरांचे हाल होतील, सबब हरकत.' आणि खाली एक चाक काढलं.

ठाकुर्लीहून होडीने मीठ आणि भात आणणारा आगरी काळुराम आला, त्याच्या बाबतीत मात्र पंतांना काही करावं लागलं नाही. "मना टेशन काय करायचाय?" तो म्हणाला. "माजी होडी रुलावर चालतेय काय? बाजार बंदरावरच पायजे." पंतांनी ती अर्जी इतक्या प्रेमाने लिहिली, की होडीला शीड तर काढलंच, शिडावर घड्याही काढल्या.

यापलीकडेही लोक होते. एकाला बाजार कुठेही चालणार होता, पण शेजाऱ्याची म्हैस गावाबाहेर जायला हवी होती. एकाचं म्हणणं, गाव वाढवायचंच असेल तर दुर्गाडीच्या टेकडीवर वाढवा, तिथे वारा छान लागतो. एकाने शांतपणे सुचवलं, की बाजार हलवायला त्रास फार, त्यापेक्षा टेशन उचलून बंदरावर आणावं. पंत प्रत्येकाचं लिहीत, आणि पेटीतल्या वेगळ्या कागदावर तीन रकाने पाडून एकेक रेघ ओढत: बंदर, टेशन, इतर. एवढं मात्र त्यांच्या ध्यानात आलं होतं, की प्रत्येकाला गाव वाढायला हवं आहे, पण ते आपल्या दारापर्यंत येऊन तिथे थांबायला हवं आहे.

आपण काही लबाडी करतो आहोत, असं पंतांना एकदाही वाटलं नाही. लोटांगण आणि शेवटचा 'सबब' सोडला, आणि ते तर रिवाजाचेच, तर दुसऱ्याच्या तोंडी नसलेला शब्द त्यांनी सव्वीस वर्षांत कधी घातला नव्हता. गाळले किती, ते कधी मोजलं नव्हतं.

पंधराव्या दिवशी रेघा मोजल्या. बंदर सेहेचाळीस, टेशन तेवीस, इतर चौदा. एकूण त्र्याऐंशी. पंतांनी पुन्हा मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं, आणि घरी जाऊन बायकोला म्हणाले, "लोकांना कळतं हो! आपण उगाच म्हणतो कळत नाही."

सोळाव्या दिवशी सकाळच्या गाडीने ठाण्याहून डिपुटी साहेब आले. साहेब म्हणजे आपल्यातलेच, बारीक अंगाचे, नाकावर चष्मा, पगडी काढून टेबलावर ठेवून काम करणारे. लोकांच्या अर्ज्या पाहून त्यांनी वर अहवाल द्यायचा, आणि त्यावर ठरायचं. बाजाराचा दिवस होता, कचेरीसमोर माणसांची ही गर्दी. दहा वाजता आतून पंतांना बोलावणं आलं. पंतांनी उपरणं सारखं केलं आणि गर्दीतून असे गेले, की जणू आत सत्कारच आहे.

"गोपीनाथ अर्जनवीस ते आपणच?"

"होय, साहेब."

"या त्र्याऐंशी अर्ज्यांत हात कुणाचा?"

"माझाच." पंत जरा फुलले.

"अक्षर छान आहे. सगळ्यांत सारखंच छान आहे." साहेबांनी चष्मा पुसला. "आणि हे नांगर?"

"निशाण्या आहेत साहेब. ज्याला सही येत नाही…"

"ते ठाऊक आहे मला. काढले कुणी?"

"मीच. माणसाने बोरूला हात लावायचा, निशाणी लिहिणाऱ्याने काढायची. रिवाजच आहे तसा."

साहेबांनी दोन कागद शेजारी-शेजारी धरले. "एकोणीस नांगर मोजले मी. एकोणिसांचाही फाळ डावीकडे वाकडा. एकोणीस कुणबी आणि एकच सुतार? बरं, लोटांगणही सगळ्यांनी सारखंच घातलेलं. आता मी वर काय लिहू, पंत? कल्याणास एक गृहस्थ राहतात, ते सोमवारी म्हणतात बाजार ठेवा, मंगळवारी म्हणतात न्या, आणि बुधवारी म्हणतात शेजाऱ्याची म्हैस हलवा?"

बाहेर खिडकीला कान लावून उभ्या असलेल्यांत कुणीतरी खुसखुसलं. पंतांचे कान लाल झाले.

"साहेब, माणसं खरी आहेत. एकूण एक खरी आहेत."

"असतील. पण माझ्यासमोर आहे तो एक हात. तेव्हा मी लिहिणार, की लोकांचं म्हणणं मिळालं नाही." साहेबांनी कागदांचा गठ्ठा दोरीने बांधायला घेतला, आणि मग काय वाटलं कोण जाणे, थांबले. "चार वाजताच्या गाडीने मी परत जातो. तोवर जो स्वतः येईल, स्वतःच्या तोंडाने बोलेल आणि स्वतःच्या हाताने निशाणी करील, त्याचं म्हणणं मी धरीन. तुम्ही मात्र बोरूला हात लावायचा नाही. तोंडही उघडायचं नाही."

पंत बाहेर आले तर पडवीत अण्णा आडते उभे. अण्णा कमिटीचे मेंबर. त्यांच्या चेहऱ्यावर पोळीवर तूप पसरावं तसं समाधान पसरलं होतं.

"पंत, देव पावला!" अण्णा हळूच म्हणाले. "लोकांचं म्हणणं मिळालं नाही, की कमिटी आपल्या मताने लिहून पाठवणार. आठांतले पाच आपले, बंदराचे. तुम्ही आता सरळ घरी जा, जेवा, ताणून द्या. चार वाजता साहेब गाडीत, बाजार जागेवर आणि तुम्ही ओट्यावर."

बोलणं रोख होतं. त्यात चूक काढायला जागाच नव्हती. पंतांनी काही न करता जे हवं ते मिळत होतं, आणि काही न करणं हे काम पंतांना जमण्यासारखं होतं.

पण दोन गोष्टी आड आल्या. एक म्हणजे साहेब नांगराला वाकडा म्हणाले होते. आणि दुसरी म्हणजे पेटीतला तो तीन रकान्यांचा कागद.

"झोपून कशाला जिंकायचं, अण्णा?" पंत म्हणाले. "सेहेचाळीस आहेत आपल्याकडे. तीनदा मोजलेत मी. साक्षात उभे करतो साहेबांपुढे, बघाच तुम्ही!"

"अहो पंत, अहो…" अण्णा म्हणेपर्यंत पंत पायऱ्या उतरून गर्दीत शिरलेसुद्धा.

मग त्या बाजारात जे झालं ते कल्याणने आधी पाहिलं नव्हतं. पंतांचा आवाज पोचेना, तेव्हा सखुबाईने भट्टीवरचा झारा उचलला आणि रिकामी कढई बडवायला घेतली. "अगं बायांनो, अरे बाप्यांनो! सायेब म्हणतोय तुम्ही नाहीतच! पंतांनी मनानेच माणसं काढली म्हणतोय! चला, दाखवू त्याला आपण आहोत का नाही!"

आपण आहोत का नाही, हा प्रश्न माणसाला फार झोंबतो. दौलतने गाड्या सोडलेल्या सगळ्या गाडीवानांना हाका घातल्या. काळुराम बंदरावर धावला, कारण भरती लागत होती आणि होड्या सुटायच्या बेतात होत्या. तो पाण्यात कमरेपर्यंत उभा राहून ओरडायला लागला, "मागं फिरा रं! निशाणी काराची हाय, सवताच्या हातानं!" तीन होड्या मागे वळल्या. चौथीतला म्हातारा म्हणाला, आपल्याला काही निशाणी काढता येत नाही. पण इतके मागे वळताहेत म्हटल्यावर तोही वळला.

आणि तिथेच खरी पंचाईत होती. निशाणी येत होती कुणाला? चाळीस-चाळीस वर्षं नांगर धरलेली माणसं, पण नांगर कागदावर धरायची वेळ कधी आलीच नव्हती. कचेरीसमोरच्या धुळीत जो तो काटकी घेऊन उकिडवा बसला आणि सराव करायला लागला. अवघा बाजार धुळीत वाकलेला.

"हा नांगर आहे की विंचू?"

"तुझ्या बापाने हाच धरला होता."

"अरे, पण इसाडाचा दांडा कुठाय? इसाडाशिवाय बैल काय शिंगाला बांधणार?"

सखुबाईने एका दमात गोल ओढला. "बांगडीला काय लागतं? ही झाली."

"हे तर माझं चाक झालं," दौलत म्हणाला.

"तू आरे घाल तुझ्या चाकाला. माझ्या हाताकडे बघू नको."

काळुरामच्या भोवती तर माणसांचं कडंच झालं. त्याने होडी काढली, शीड काढलं, नांगर टाकलेला दोर काढला, आणि मग होडीत बसलेला एक माणूसही काढला. "ह्यो कोन?" कुणी विचारलं. "मीच की," काळुराम म्हणाला, "वल्हवतंय."

पंत या सगळ्यातून हिंडत होते, दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत घट्ट धरून, कारण कुणाचाही नांगर दुरुस्त करावा असं त्यांच्या बोटांना सारखं वाटत होतं. ते डोकी मोजत होते. चाळीस झाली, पन्नास, साठ ओलांडली. त्यांचं काळीज असं उडत होतं, की जणू त्यांची मुंजच लागते आहे.

बाराला साहेबांनी टेबल बाहेर, चिंचेखाली आणवलं. त्यांनी पद्धत सोपी ठेवली: आधी अर्जीतला मजकूर वाचायचा, मग माणसाला विचारायचं.

काळुराम पहिला. अर्जीत बंदर, तोंडातही बंदर. त्याने होडी काढली, माणसासकट. साहेबांनी ती जरा वेळ पाहिली आणि बाजूला ठेवली. पंतांनी अण्णांकडे बघून भुवया उडवल्या.

दुसरी सखुबाई.

"'अर्जदार निराधार विधवा असून भट्टी हलविल्यास धंदा बुडेल, सबब बाजार हलवू नये,'" साहेबांनी सावकाश, एकेक शब्द सुटा करून वाचलं. "बाई, हे म्हणणं तुमचं?"

"विधवा बरोबर. धंदा बुडेल तेही बरोबर, चार दिवस." सखुबाई थांबली. "चार दिवस वाचले नाहीत तुम्ही."

"इथे चार दिवस नाहीत."

"मग गेले कुठे?"

"पंतांना विचारा," मागून कुणीतरी म्हणालं, आणि हशा झाला. सखुबाईने वळून पंतांकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. भरलेल्या पोत्यातून एक पायली कमी निघाली की गिऱ्हाईक दुकानदाराकडे पाहतं, तेवढंच होतं.

"सायेब, पंतांनी माझी भट्टी जागेला खिळवून टाकली," ती म्हणाली. "बाजार माळावर न्या. आगगाडीची माणसं भुकेली असतात. लिहा तसं, आणि द्या इकडे तो बोरू."

एखादी चूक व्हायचीच, असं पंतांनी मनाशी म्हटलं. पंधरा दिवसांत त्र्याऐंशी अर्ज्या म्हणजे काय गंमत आहे?

तिसरा दौलत. "'मुक्या जनावरांचे हाल होतील, सबब हरकत…'"

"हरकत?" दौलत म्हणाला. "हरकत कसली? मी म्हटलं पाण्याची सोय करा. करा आणि न्या! माझ्या बैलांनी या बोळांत किती तुळशी तुडवल्या ते विचारा गावाला!"

लोक आता मोठ्याने हसत होते, आणि प्रत्येक नवा माणूस उभा राहिला की आधी पंतांकडे वळून बघत होते. चौथा, पाचवा. सहाव्याला पंतांना माणूस तोंड उघडायच्या आधीच कळायला लागलं, की आता काय होणार. कोळशाच्या वखारीवाल्याने पावसापुरतं छप्पर मागितलं होतं. पंतांनी पाऊस ठेवला होता आणि छप्पर गाळलं होतं. कासाराला बायकांसाठी वेगळी वाट हवी होती. पंतांनी बायकांची गैरसोय लिहिली होती, वाट लिहिली नव्हती. एकेकाच्या तोंडून गाळलेला शब्द परत येत होता, आणि गाळलेला प्रत्येक शब्द नेमका ओट्याच्या उजव्या टोकाला येऊन पडत होता. शेवटचा 'सबब' सोडला तर खोटं एकही नव्हतं. पंतांनी त्यातही बारकाईने शोधून पाहिलं, एकही नव्हतं. चाळणीतून काय गाळायचं ते हात सव्वीस वर्षांत आपलं आपण शिकला होता, आणि या पंधरा दिवसांत तो हात ओट्यावर बसलेला होता.

लाज वाटायला हवी होती. वाटतही होती. पण दोन तास उलटून गेले आणि एक विचित्रच गोष्ट झाली: पंत पुढे सरकून ऐकायला लागले. लोटांगण नाही, हुजूर नाही, ऐसा जे नाही. माणूस उभा राहतो, खाकरतो आणि म्हणतो, माझं दुकान दोन हात पुढे घ्या. आणि लगेच दुसरा ओरडतो, त्याचं दोन हात पुढे तर माझं तीन. एक कुणबी तर बोलता बोलता स्वतःच मत बदलून बसला. या माणसांचं हे बोलणं पंत सव्वीस वर्षं ऐकत होते, पण तेव्हा एक कान पुढच्या वाक्याकडे असायचा. आज हाताला काम नव्हतं, म्हणून दोन्ही कान मोकळे होते.

साडेतीनला साहेबांनी बेरीज केली. गावभर हाका घालून चौऱ्याहत्तर जण मिळाले होते. टेशन एकेचाळीस. बंदर बावीस. इतर अकरा, म्हैसवाला धरून.

अण्णा पंतांच्या कानाशी आले. "पाच जण होते हो, पंत! घरबसल्या पाच!"

"सेहेचाळीसही होते, अण्णा," पंत म्हणाले, "सकाळपर्यंत."

"आणखी कुणी राहिलं?" साहेबांनी विचारलं.

"पंत राहिले की!" सखुबाई म्हणाली.

"पंत त्र्याऐंशी वेळा बोललेत, बाई."

गर्दी खदखदून हसली. पण सखुबाई हटेना. "ते आमचं बोलले. म्हणजे आमचं म्हणून त्यांचं बोलले. आता त्यांचं म्हणून त्यांचं बोलू द्या की, सायेब. आम्हांला तरी कळू दे आम्ही कुणाचं बोलत होतो ते."

साहेबांनी बोरू पुढे केला.

पंत टेबलापाशी आले. सवयीने हाताने 'आम्ही गरीब रयत' एवढं लिहिलंसुद्धा. मग ते थांबले. 'आम्ही' म्हणजे कोण, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्यांनी ते तीन शब्द खोडले. पंतांनी कागदावर खोडलेलं गावाने प्रथमच पाहिलं, त्यामुळे पुढचे लोक पाय उंचावून बघायला लागले. खाली त्यांनी एकच ओळ लिहिली, सही केली आणि वाळू टाकायची विसरून कागद तसाच ओला साहेबांना दिला.

"'बाजार बंदरावरच राहावा, कारण माझी बैठक तिथे आहे. गोपीनाथ.'" साहेबांनी कागद उलटून पाहिला, की मागे काही आहे का. "एवढंच?"

"एवढंच, साहेब."

"जनावरांचे हाल? विधवांचे अश्रू?"

"ते ज्यांचे त्यांनी सांगितले."

साहेबांनी बंदराच्या रकान्यात बाविसाचे तेवीस केले, आणि पगडी डोक्यावर ठेवली.

साहेबांना पोचवायला अर्धं गाव टेशनावर गेलं. अहवाल जाणार, त्यावर शेरे पडणार, मग कधीतरी हुकूम येणार. या गोष्टीला महिने लागतात, हे पंतांइतकं कुणाला ठाऊक असणार? पण गाडीचा धूर ठाण्याच्या बाजूला पुरता विरलाही नाही, तोच लोक समोरच्या माळाकडे वळले. हुकूम त्यांच्या लेखी झालेलाच होता. जो तो पावलं टाकून जागा मोजायला लागला. चिंध्या, दगड, चपला, जे हाताला लागेल ते खुणेला ठेवलं जात होतं आणि शेजारच्याकडून पायाने सरकवलं जात होतं. बंदराची बाजू घेतलेला काळुरामही आला होता, आणि होडी इथवर येणार नाही तर निदान माल उतरवायला तरी कोपरा पाहिजे, म्हणून तावातावाने भांडत होता.

हरलेल्या माणसाने खरं तर घरी जायचं असतं. पंतही घरीच निघाले होते. पण पाय घराकडे वळले नाहीत.

"पंत, इकडं या!" सखुबाईने तीन दगड मांडून भट्टी उभीसुद्धा केली होती. "तुम्ही इथं बसा, माझ्या उजव्या हाताला."

"इथे? वारा खाडीकडून येतो, बाई. दुपारनंतर सगळा धूर माझ्या डोळ्यांत."

"मग तिकडं बसा."

"तिकडे ऊन."

"मग झाडावर बसा! सगळ्या गावाने जागा धरली आणि तुम्ही अजून वाऱ्याशी भांडताय."

पंत आठ पावलं चालले, एक सपाट दगड बघून त्यावर बसले. उगाच, बसून बघायला म्हणून. समोरून टेशनाची वाट येत होती, डावीकडून गावाची, आणि मागून मुरबाडच्या गाड्यांची. म्हणजे बसल्या जागेवरून तिन्ही बाजूंची माणसं येताना दिसणार. पंतांनी सहज म्हणून मोजायला घेतलं आणि तिसाला गोंधळून पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

"पंत, बरं झालं बसलात," दौलत धापा टाकत आला. मागे त्याचे पाच-सात गाडीवान. "लिहायला घ्या. इथे बैलांना हौद पाहिजे. हुकूम यायच्या आधी अर्जी गेली पाहिजे."

पेटी ओट्यावर होती, पण बोरू आणि दौत पंतांच्या कमरेला असायचीच. कुणीतरी पाठकोरा कागद दिला. पंतांनी तो गुडघ्यावर पसरला.

"बोल. जसं बोलशील तसं लिहितो."

"माळावर बैलांसाठी हौद बांधावा," दौलत म्हणाला. "दगडी. बारा बैल एकदम प्यायला लागले पाहिजेत."

पंतांचा बोरू कागदावर टेकला आणि तिथेच राहिला. बारा बैलांचा हौद म्हणजे थेट या सपाट दगडापर्यंत येणार, हे त्यांच्या डोळ्यांना आधी दिसलं. आठ पुरे झाले असते. 'पुरेसा मोठा हौद' असंही लिहिता आलं असतं, वाईट दिसलं नसतं. त्यांनी दौलतकडे पाहिलं. दौलत त्यांच्या बोरूकडेच पाहत होता, आणि सखुबाई भट्टीपाशी उभी राहून दोघांकडे.

"बारा," पंत मोठ्याने म्हणाले आणि लिहिलं. मग उठले, दगडापासून दहा पावलं मागे मोजून आले आणि तिथे उपरणं टाकलं.

"बारा कशाला?" मागून एक गाडीवान ओरडला. "बाजाराच्या दिवशी साठ गाड्या असतात! वीस लिहा, पंत!"

"चोवीस लिहा!"

"अरे, पोहायला हौद पाहिजे का तुम्हांला?" काळुराम म्हणाला. "मंग सरल खाडीच आना हिकडं!"

"एकेकाने बोला!" पंत दौत डाव्या हातात उंच धरून ओरडले. "एकेकाने बोला रे, आणि पूर्ण बोला! दौलत, तुझं बारा की वीस?"